अस्पष्ट हालचाल

माझे सासरे हातांनी बोलतात, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमात ते कोपऱ्यात गप्प बसून होते, त्यामुळे माणूस मितभाषी आहे अशी आमच्याकडच्यांची समजूत झाली. लग्न होऊन इचलकरंजीला आले आणि पहिल्याच सकाळी बघते तर आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दोन्ही हात हवेत फिरवतायत. मला वाटलं, डास मारतायत. माझा नवरा प्रज्वल म्हणाला, "चहात साखर कमी घाल म्हणतायत."

मल्लाप्पा खारगे, वय वर्षं बहात्तर. जुन्या यंत्रमागांवर छत्तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. एका शेडमध्ये बत्तीस माग, आणि प्रत्येकाचा आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला आपटायचा. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून शेडमधल्या माणसांनी आपापसात खुणा बसवल्या होत्या. दोन्ही हातांच्या चिमटी जोडून फटकन लांब नेल्या की धागा तुटला. अंगठा आणि बोट एकमेकांभोवती फिरवलं की गाठ मार, जोड. उताणी मूठ उघडली की सुताची कांडी संपली. आणि मिशीला पीळ दिला की मालक आला, कामाला लागा. माग भंगारात गेले, आप्पांचा डावा कान त्यांच्याबरोबर गेला, खुणा मात्र हातात राहिल्या.

आता गावाबाहेर काचेआड नवे माग चालतात. चालवत कुणी नाही, ते आपले चालतात. मी तिथंच कापड तपासते. खरं तर आधी कॅमेरा तपासतो. त्याला जिथं काही वेगळं दिसेल तिथं तो तांबडी खूण करतो, आणि त्या खुणा माझ्या पडद्यावर येतात. तो खरंच दोष आहे की नाही, हे मी कापड टेबलावर घेऊन, त्यावरून हात फिरवून ठरवायचं. दहातल्या सहा खुणा मी पुसून टाकते, कारण मुद्दाम गाठाळ सूत घालून विणलेलं कापड त्याला दर वेळी नासलेलं वाटतं. माझ्या कामाबद्दल एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमची पर्णिका जन्मली आणि पाचव्या महिन्यात कळलं की तिला ऐकू येत नाही. कानाच्या आत बसवायची यंत्रं फार सुधारली आहेत, पण कानाकडून मेंदूकडे जाणारी नसच तिच्यात तयार झाली नव्हती. रस्ताच नाही तर गाडी कुठून जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मी आठवडाभर रडले. प्रज्वल रडला नाही, पण त्याने स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून माळ्यावर टाकला.

आप्पा पाळण्याजवळ आले आणि त्यांनी जमिनीवर पाय आपटला. फरशीतून हादरा गेला, पर्णीने मान वळवली. आप्पांनी तिच्या डोळ्यांसमोर मिशीला पीळ दिला आणि ती खुदकन हसली.

"हिला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले, "तर काय झालं? बत्तीस मागांत मलाबी येत नव्हतं."

* * *

पर्णी दोन वर्षांची झाली आणि सरकारी योजनेतून घरात 'दुवा' बसला.

त्याची रचना सोपी आहे. प्रत्येक खोलीच्या छताला बशीएवढा कॅमेरा असतो. तो मुलाच्या हाताचा आकार, हात अंगाच्या कुठल्या भागापाशी आहे, कुठल्या दिशेने हलला आणि त्या वेळी चेहरा कसा होता, या चार गोष्टी बघतो. भारतीय सांकेतिक भाषेतल्या हजारो खुणा त्याच्यात साठवलेल्या असतात. त्यातली एखादी जुळली की घरच्यांच्या कानातल्या मण्याएवढ्या यंत्रातून शब्द ऐकू येतो. आपण बोललो की उलटा प्रवास होतो. भिंतीवर एक बाई उमटते आणि आपलं बोलणं हातांनी करून दाखवते. आम्ही तिला ताई म्हणायचो.

यामागचं शास्त्र डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. भाषा कानातून आली काय आणि डोळ्यांतून आली काय, मेंदूला त्याचं सोयरसुतक नसतं. दोन्ही भाषांसाठी तो तीच जागा वापरतो. पण ती जागा पहिल्या पाचसहा वर्षांतच पेरायला मोकळी असते. तेवढ्यात तिला भाषा मिळाली नाही, तर पुढे कितीही शिकवलं तरी कसर राहते.

दुवा आला आणि आमचं घर बोलकं झालं. मी भाकरी थापत असले की कानात यायचं, "पाणी." मी पेला भरून मागं सरकवायची. "बाहेर." मी म्हणायची, "थांब, बाबा येऊ दे." भिंतीवरची ताई तिला ते सांगायची. मला वळावंसुद्धा लागायचं नाही. सांकेतिक भाषेचा वर्ग लावायचा आमचा बेत मग मागं पडला. यंत्राला येतंय म्हटल्यावर आपण कशाला शिकायचं?

यंत्राला जी खूण ओळखता यायची नाही, तिथं ते सभ्यपणे म्हणायचं, "अस्पष्ट हालचाल." आप्पा आणि पर्णी समोरासमोर बसले की माझ्या कानात नुसता पाऊस, अस्पष्ट हालचाल, अस्पष्ट हालचाल. मी तेवढ्यापुरतं कानातलं काढून ठेवायची.

पर्णी चार वर्षांची झाली तेव्हा जिल्हा केंद्रातून अहवाल आला. दुव्याने ओळखलेल्या खुणांवरून मुलाचा भाषांक काढतात. पाचव्या वर्षी केंद्रात परीक्षा होते, तेव्हा तो किमान चाळीस लागतो. तेवढा असला तर मूल दुवा घेऊन आपल्या गल्लीतल्या शाळेत जातं. नसला तर त्याला निवासी शाळेत ठेवतात, आणि आमच्या वाट्याची शाळा घरापासून सहा तासांवर होती. पर्णीचा भाषांक होता एकोणतीस.

अहवालात आणखी दोन वाक्यं होती. 'घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या प्रमाणबाह्य हावभावांमुळे मुलाच्या शिकण्यात अडथळा येत असल्याचे दिसते. ते टाळावेत.' आणि त्याखाली, 'मूल अद्याप आई हा शब्द वापरत नाही.'

हे दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. दोन वर्षं मी कानात यंत्र घालून ज्या शब्दाची वाट बघत होते, तो आला नाही हे मला ठाऊक होतंच. कागदावर छापलेलं बघून जास्त लागलं.

* * *

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते, तिथं गेले.

"आप्पा, एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नका."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

"पर्णीसमोर तुम्ही खुणा करू नका. परीक्षा होईपर्यंत. चार महिने फक्त." मी अहवाल वाचून दाखवला. ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे कोण, ते त्यांना विचारावं लागलं नाही.

आप्पांनी आपल्याच हातांकडे बघितलं. उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, बाकीची मागाने घेतली.

"न्हाय केल्या तर पोरगी घरात ऱ्हाईल?"

"राहील, आप्पा."

"मग झालं तर." आणि त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

त्यांनी तो शब्द असा पाळला की मला बघवत नसे. पर्णी समोर आली की हात खिशात. जेवताना ती समोर असली की डावा हात मांडीखाली. ती त्यांच्यापुढं उभी राहून चिमटी लांब न्यायची, गाठ मारायची, मिशी नव्हती तिथं पीळ द्यायची. आप्पा नुसते हसायचे. ती मनगट धरून ओढायला लागली की उठून चौकात जायचे. ज्या माणसाने छत्तीस वर्षं हातांनी संसार केला, त्याला मी हात लपवायला लावले होते, आणि त्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

पर्णी ताईकडे वळली. भिंतीवर हत्ती यायचा, ती हत्ती करायची, ताई चांदणी द्यायची. भाषांक एकतीस झाला, मग चौतीस. मी पेढे आणले. पर्णी आता विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देते, पण स्वतःहून काही विचारत नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. शहाणी झाली, असं मी स्वतःला सांगितलं. आईला स्वतःची समजूत घालायला फारसं काही लागत नाही.

दीड महिन्याने एका दुपारी कामावरून आले तर कपाट उघडं, औषधांचा डबा खाली सांडलेला. आप्पा ओट्यावर बसले होते. पर्णीने त्यांचे दोन्ही हात खिशातून ओढून आपल्या मांडीवर घेतले होते. एकेक बोट उलटंसुलटं करून बघत होती. अर्ध्या करंगळीपाशी थांबली, तिच्यावर फुंकर घातली आणि मग दाही बोटांना मलम चोळायला लागली. घरातली अख्खी ट्यूब तिने संपवली. शेवटी आप्पांच्या तोंडाकडे बघत भुवया उंच केल्या आणि त्यांच्या तळहातावर दोन चिमटी लांब नेल्या.

माझ्या कानात आलं, "अस्पष्ट हालचाल."

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

आप्पांचे डोळे भरले होते. "हात मोडल्यात का, इचारती," ते म्हणाले. "दुखतंय का म्हणती."

मी दारातच बसले. आजोबा बोलत नाहीत म्हणजे त्यांचे हात आजारी आहेत, असं त्या पोरीने ठरवलं होतं. दीड महिना ती त्याच काळजीत होती आणि आमच्या कुणाच्या गावी नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जेवणं आटोपल्यावर मी दुव्याचा साठा उघडला. न ओळखलेल्या प्रत्येक हालचालीची छोटी चित्रफीत त्यात ठेवलेली असते. चार हजारांवर निघाल्या. यंत्राने त्या सारख्यासारख्या बघून ढीग लावून ठेवले होते, हुबेहूब माझ्या कामावरच्या तांबड्या खुणांसारखे.

आमच्या तपासणीच्या टेबलावरचा पहिला धडा असा असतो की एकदाच दिसलं तर दोष, आणि ठरावीक जागी पुन्हा पुन्हा दिसलं तर नक्षी. चूक इतक्या शिस्तीत येत नाही. नऊ वर्षं मी हे नव्या मुलींना शिकवतेय. रोज कॅमेऱ्याच्या साठ टक्के खुणा खोट्या ठरवून घरी येते, आणि घरच्या कॅमेऱ्याने माझ्या मुलीवर चार हजार तांबड्या खुणा केल्या तेव्हा मी एक उघडून बघितली नव्हती.

धागा तुटल्याच्या ढिगापासून सुरुवात केली. दूध फाटलं त्या दिवशी पर्णीने पातेल्याकडे बघून चिमटी लांब नेल्या होत्या. प्रज्वल कामासाठी सुरतला होता तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल मध्येच बंद पडला, तेव्हाही. शेजारची तिची मैत्रीण घर सोडून गेली, त्या दिवशी अकरा वेळा. भुवया वर असल्या की तो प्रश्न होता. मान हलवली की नकार. हात खांद्यामागं नेला की ते कालचं. आप्पांनी तिला मागाची एक खूण दिली होती, आणि तिने तिच्यातून प्रश्न, नकार, काल, आज सगळं काढलं होतं. अर्धवट खुणा मिळालेली मुलं त्यांची पुरी भाषा करतात, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. मी ते दुसऱ्या कुणाच्या मुलांबद्दल ऐकल्यासारखं ऐकलं होतं.

सगळ्यांत मोठा ढीग मात्र मला उलगडेना. डावा तळहात आडवा धरायचा आणि त्यावरून उजवा तळहात सावकाश फिरवायचा, कापडाची सुरकुती काढावी तसा. सहाशेच्या वर फिती. प्रत्येकीत स्वयंपाकघर, आणि प्रत्येकीत मी, पाठमोरी. पर्णी माझ्या मागं उभी राहून ती खूण करायची, थांबायची, पुन्हा करायची, आणि मग येऊन माझा कुर्ता ओढायची. ते ओढणं मला आठवत होतं. 'नुसती ओढत असते,' असं मी तेव्हा प्रज्वलला सांगितलंही होतं.

मी टॅबलेट घेऊन आप्पांकडे गेले. "आप्पा, ही कुठली खूण? मागाची आहे?"

त्यांनी बघितलं. हात खिशातून निम्मे बाहेर आले, तिथंच थांबले आणि परत आत गेले.

"काढा हात," मी म्हणाले. "माझं चुकलं, आप्पा. काढा."

त्यांनी हळूच हात बाहेर काढले, तळहात आडवा धरला आणि त्यावरून दुसरा फिरवला. "मागाची न्हवं ही. तिची हाय. एकदा तुज्या कारखान्याच्या काचंतनं तिला दावलं हुतं म्या, ती बघ तुजी आई, कापाड तपासती. तवापास्नं ही खूण. ही तू हायस."

मी ती फीत पुन्हा लावली. मग विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "यंत्र सांगतंय न्हवं तुज्या कानात सगळं?"

* * *

परीक्षा घ्यायला मुजावर मॅडम होत्या. पन्नाशीच्या, जन्मापासून बहिऱ्या. त्या हातांनी बोलायच्या आणि खोलीतला दुवा त्यांचं बोलणं आम्हाला ऐकवायचा. मुलाबरोबर फक्त आईने आत यायचं असा नियम होता. मी आप्पांना घेऊनच शिरले.

"हे कोण?" दुव्याने मॅडमचं विचारणं ऐकवलं.

"अहवालातली ज्येष्ठ व्यक्ती," मी म्हणाले. "हिला जे येतं ते यांच्याकडून आलंय. यंत्राला ते वाचता येत नाही. तुम्ही बघा, मग काय लिहायचं ते लिहा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आप्पांच्या हातांकडे बघितलं, आणि उठून दुवा बंद केला.

पुढची चाळीस मिनिटं त्या खोलीत एकच माणूस बहिरं होतं, ते म्हणजे मी. मॅडमनी पर्णीसमोर चित्रं मांडली. पर्णीने काही ताईच्या खुणा केल्या, काही आप्पांच्या. मॅडमना एखादी कळली नाही की त्या भुवया उंचावायच्या आणि पर्णी तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सांगायची, न रागावता, लहान मुलाला समजवावं तशी. फाटक्या पतंगाचं चित्र आलं. तिने चिमटी लांब नेल्या, मग आप्पांकडे बोट केलं आणि गाठ मारली. आप्पा जोडून देतील. मॅडम हसल्या. मग त्या आप्पांकडे वळल्या आणि ती दोघं जी सुरू झाली, ती थांबेचनात. आप्पांनी अख्खी शेड उभी केली, बत्तीस माग, तुटलेला धागा, अर्धी करंगळी. मालक आला तेव्हा मॅडमनी स्वतःच मिशीला पीळ दिला. माझे सासरे परक्या माणसाशी इतकं बोलताना मी कधी पाहिले नव्हते. छत्तीस वर्षांच्या गोंगाटातून त्यांनी ही गोष्ट जपून आणली होती आणि कुठलाही गाजावाजा न करता नातीच्या हातात ठेवली होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी दुवा चालू केला. "भाषांक अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "यंत्राने हिची निम्मी भाषा मोजलीच नव्हती. मूल घरी राहील."

मी आप्पांचा हात धरला. पण मॅडमचं संपलं नव्हतं.

"ऐका. या खुणा घरात पुरतील, बाहेर पुरणार नाहीत. हिला आमची भाषा लागेल, देशभरातल्या बहिऱ्यांची. ती भिंतीवरच्या बाईने शिकवून भागणार नाही. तुम्ही शिकायची. शनिवारी वर्ग असतो. घरातलं कोण येणार?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी हात वर केला होता.

* * *

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तिघं वर्गाला जातो. आप्पा वर्गात सगळ्यांत थोरले आणि सगळ्यांत उनाड. शिक्षक जरा वळले की शेजाऱ्याला मिशीचा पीळ दाखवतात. त्यांना माझ्यापेक्षा लवकर येतं. मी चुकले की पर्णी कपाळावर हात मारून घेते, हे तिने कुणाकडून उचललं ते सांगायला नको.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही घरातल्या खुणा दुव्याला शिकवल्या. आप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसले. तीनशे बारा खुणा झाल्या. प्रत्येक खुणेपुढं ती कुणाकडून आली ते लिहावं लागतं. तिथं कुठं मल्लाप्पा खारगे आहे, कुठं पर्णिका खारगे.

एक खूण मात्र मी भरली नाही. प्रज्वलने विचारलं, विसरलीस का? म्हटलं, नाही, राहू दे.

त्यामुळे दुव्याला ती अजून येत नाही. मी भाकरी थापत असते आणि कानात ऐकू येतं, "अस्पष्ट हालचाल." मग मी तवा खाली उतरवते, हात पुसते आणि मागं वळून बघते.